दाराखाली कुत्रा

आमच्या घराण्यात राग वडिलोपार्जित आहे. वडील तापट, आजोबा त्यांच्याहून तापट, आणि मी म्हणजे त्या दोघांची बेरीज. पुण्यात ते खपून गेलं. आमच्या आळीत सगळेच बाप ओरडायचे, त्यामुळे आवाज कुठल्या घरातून येतोय याची कुणी चौकशी करत नसे. 'पुन्हा मला तोंड दाखवू नकोस' हे वाक्य वडिलांनी मला दोनशे वेळा तरी ऐकवलं असेल. मी उठून चौकातल्या सायकलच्या दुकानाशी जाऊन बसायचो आणि जेवायच्या वेळेला परत यायचो. वडील मानही वर न करता आईला सांगायचे, त्याला आमटी वाढ. त्या वाक्याचा अर्थ एवढाच, की मी तापलोय, तासभर समोर येऊ नकोस.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मराठीत वाढलेल्या पोराला ते आपोआप कळतं. माझा मुलगा मराठीत वाढला नाही, हे मी विसरलो.

तो सहा वर्षांचा असताना आम्ही न्यूझीलंडला आलो आणि वर्षभरात त्याचं बोलणं इंग्रजी झालं. आम्ही मराठीत विचारायचं, त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा घरातला रिवाज. एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. मी त्याच्यावर ओरडायचो ते इंग्रजीत. शाळेचा रिपोर्ट, पोहण्याचे ओले कपडे, इथले टॉग्ज, गाडीच्या सीटवर टाकणं, तासन्‌तास फोन, सगळं इंग्रजीत. म्हटलं, समजलं पाहिजे ना त्याला. मराठी उरली ती जेवलास का, दमलास का, ये इकडे, झोप आता, एवढ्यापुरती. म्हणजे त्याच्या लेखी मराठीत बाबा जे बोलतात ते अगदी तसंच असतं. ये म्हटलं की यायचं, झोप म्हटलं की झोपायचं.

२०११ साली आम्ही हॅमिल्टनला, रोटोटुनात घर घेतलं. त्याच फेब्रुवारीत क्राइस्टचर्चला भूकंप झाला होता आणि सगळ्यांनीच धसका घेतला होता. त्यात मी पडलो क्वालिटी इंजिनिअर. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या यंत्रांतल्या चुका शोधायच्या, हा माझा धंदा. मी झाकणाची मोठी पांढरी बादली आणली, तिच्यात टॉर्च, पाण्याच्या बाटल्या, राजम्याचे डबे, मेणबत्त्या भरल्या आणि गराजमध्ये वरच्या फळीवर ठेवून दिली. बायको म्हणाली, लोणचंही ठेवा, भूकंपात तोंडी लावायला. पोरगा तेव्हा सोळा वर्षांचा होता, खूप हसला होता.

देवघरात आमचा खंडोबाचा टाक होता. तळहातात मावेल एवढा चांदीचा पत्रा, त्यावर देव उठवलेला. घोड्यावर खंडोबा, मागे म्हाळसा, खाली कुत्रा. पाच पिढ्यांनी घासून घासून देवाचं नाक गेलं होतं आणि कुत्र्याचा नुसता उंचवटा उरला होता. मुलगा लहानपणी आंघोळ करून आला की अंगठ्याने तो उंचवटा चाचपायचा, कुत्रा अजून आहे ना म्हणून. देवधर्माशी त्याचा एवढाच संबंध. आईने मला हा टाक विमानतळावर स्वतःच्या हाताने दिला होता.

ती आई २०१४च्या जुलैत गेली. सकाळी फोन आला, संध्याकाळचं विमान मिळालं. मुलाची परीक्षा होती म्हणून तो मागे राहिला. आम्ही दोघं पुण्याला गेलो, मी दिवस केले, आणि तेरावा आटोपून डोक्याचा गोटा घेऊन परत आलो. घरात शिरल्यावर पहिला देवघराशी गेलो. टाक नव्हता.

मुलगा म्हणाला, आय डोन्ट नो. मी शोध शोध शोधलं. कपाटं उपसली, सोफे उलटे केले, व्हॅक्युमची पिशवी फोडून पाहिली. दोन दिवसांनी इथल्या मराठी मंडळातले एक गृहस्थ समाचाराला आले आणि चहा पिता पिता सहज बोलून गेले, की तुम्ही नव्हतात तेव्हा तुमच्याकडे पोरापोरींची बरीच गर्दी होती हो, ड्राइव्हवेत चार-चार गाड्या. झालं. त्यांचा कप खाली ठेवून होईपर्यंत माझ्या डोक्यात खटला चालून निकालही लागला होता.

मुलगा म्हणत राहिला की त्याने टाकाला हात लावला नाही आणि मित्रांनीही नाही. मी इंग्रजीतच सुरुवात केली होती, पण आई जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते आणि जीभ आपोआप घरी गेली. मी त्याला चोर म्हणालो. आजीचा देव घालवलास म्हणालो. मग वडिलांचं वाक्य माझ्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं.

"पुन्हा मला तोंड दाखवू नकोस."

तो पांढराफटक पडला. मग त्याने मराठीत विचारलं, "कधीच?"

पुण्यातला कुठला पोरगा असं विचारेल? तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

"कधीच," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर त्याची खोली रिकामी. ऑकलंडला, हेन्डरसनला एका मित्राकडे गेला होता. पुढे युनिव्हर्सिटी सोडून तिथेच इलेक्ट्रिशियनचं काम शिकायला लागला. आईशी दर रविवारी व्हिडिओवर बोलायचा, पण मी आजूबाजूला आहे असं वाटलं की कॅमेरा छताकडे वळवायचा. मी येता-जाता पाहायचो. एक पांढरं छत, त्यात एक दिवा. मी मनात म्हणायचो, बघा माज.

२०१६च्या गणपतीत मी डोकं दुखतं म्हणून दुपारीच घरी आलो. मुलगा स्वयंपाकघरात बसून वरणभात खात होता. आईने बोलावलं होतं, मी सहापर्यंत येत नाही या हिशोबाने. मला पाहताच तो उठला, हुडीची टोपी पुढे ओढली, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि भिंतीला घासत माझ्या बाजूने बाहेर निघून गेला. ताटात भात तसाच. मी मागून ओरडलो, नाटकं बंद कर. पण तो ड्राइव्हवे उतरून तसाच चालत गेला.

बायको भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "नाटक नाही ते. तुम्ही सांगितलंत, तो पाळतोय."

मी आधी हसलो. असं कुणी शब्दशः धरतं का? मग मला हसू येईना. ती म्हणाली, त्याला फोन करा आणि सांगा की तसा अर्थ नव्हता. एक फोन. पण मी म्हणालो, आधी त्याने टाकाचं कबूल करावं. चूक त्याची, आणि मी का फोन करायचा? असा मी.

हे सगळं शेजारच्या म्हाताऱ्याने पाहिलं होतं, ते मला पुढे कळलं. वर्षभरापूर्वी तो चीनहून लेकीकडे राहायला आला होता. तिकडे शाळेत इतिहास शिकवायचा, म्हणून मी त्याला मास्तर म्हणायचो आणि तो मला इंजिनिअर. त्याचं इंग्रजी मोजकं, माझं अघळपघळ, मधल्या खड्ड्यांना मोबाइलवरचं भाषांतर. रोज सकाळी तो बागेजवळच्या फुटपाथवर पाण्याची बादली आणि काठीएवढा स्पंजचा ब्रश घेऊन यायचा आणि काँक्रीटवर पाण्याने अक्षरं लिहायचा. दोन-तीन मिनिटांत ती वाळायची. मग पुन्हा लिहायचा. मी शुक्रवारी सुट्टी घ्यायला लागलो होतो, फिरायला जायचो आणि त्याच्याशी थांबायचो.

एका शुक्रवारी त्याने विचारलं, मुलगा तोंड झाकून का गेला. मी म्हणालो, घरातली गोष्ट आहे. तो मान हलवून लिहीत राहिला. पुढच्या शुक्रवारी म्हणाला, तुला एका राजपुत्राची गोष्ट सांगतो, दोन हजार वर्षांपूर्वीची, आमच्या गावाकडची. मला वाटलं, म्हाताऱ्याला वेळ जात नाही.

गोष्ट अशी. एक सम्राट होता, मोठा पराक्रमी आणि तितकाच तापट. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत त्याला मुलगा नव्हता. मग झाला. आई एकेकाळची गाणारी बाई, ती महाराणी झाली. बापाला इतका आनंद, की त्याने पुत्र देणाऱ्या देवाची वेदी उभारली आणि दरबारच्या कवींना कवनं रचायला बसवलं. मुलगा मोठा झाल्यावर त्याला एक बाग करून दिली, तिथे त्याने आवडतील ती माणसं बोलवावीत. मुलगा निघाला मवाळ. लढाया नकोत म्हणायचा. बाप हसून सांगायचा, कष्टाचं मी उरकतो, आरामाचं तुला ठेवतो. मी म्हटलं, बाप बरा दिसतोय. मास्तर म्हणाला, बरा होताच.

पुढच्या शुक्रवारी त्याने राजपुत्राचं घर सांगितलं. बायको, तीन मुलगे, एक मुलगी, आणि नुकताच झालेला एक नातू. बाप दौऱ्यावर गेला की राज्य हा बघायचा आणि कुणाला फारच कडक शिक्षा झाली असेल तर ती कमी करायचा. लोक खूश, पण शिक्षा देणारे अधिकारी नाराज. त्यात सम्राट म्हातारा झाला, आजारी पडला, आणि आपल्यावर कुणीतरी करणी करतंय असं त्याच्या मनाने घेतलं. राजपुत्रावर डूख धरलेल्या एका अधिकाऱ्याला त्याने शोध घ्यायला नेमलं. करणीच्या लाकडी बाहुल्या जमिनीत पुरलेल्या असतात म्हणून त्याने महाल खणले. राणीच्या आणि राजपुत्राच्या महालांत इतकं खणलं, की पलंग ठेवायला जागा उरली नाही.

"आणि सापडल्या?" मी विचारलं.

मास्तर म्हणाला, राजपुत्राकडे सापडल्या. ज्याला सापडायला हव्यात, त्याला सापडतातच. सोफे उलटे केलेली माझी बैठकीची खोली माझ्या डोळ्यांपुढे आली, पण मी ते झटकून टाकलं.

बाप तेव्हा लांब, डोंगरातल्या महालात आजारी. बापाभोवतीची माणसं राजपुत्राचे निरोप तिथवर पोचू देईनात. घाबरून त्याने त्या अधिकाऱ्याला पकडून मारलं आणि शहरातल्या लोकांच्या हाती शस्त्रं दिली. तरी बापाला खरं वाटेना. तो म्हणाला, पोरगा भ्यालाय, बोलावून आणा त्याला. पाठवलेला माणूस शहराच्या वेशीपर्यंत गेला, आत शिरायची छाती झाली नाही, आणि परत येऊन सांगितलं की राजपुत्राने बंड केलंय, मला मारायला निघाला होता. मी तिथे फुटपाथवरच भडकलो. एका भेकडाच्या शब्दावर? पोराला स्वतः जाऊन विचारायला काय झालं होतं? चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि हा म्हणे सम्राट. माझा आवाज एवढा चढला की कुत्रं फिरवणारी एक बाई रस्ता ओलांडून पलीकडे गेली. मास्तर शांतपणे म्हणाला, इंजिनिअर, तू फार रागावतोस.

शहरात पाच दिवस लढाई झाली आणि राजपुत्र हरला. त्याच्या आईने जीव दिला. बायको, मुलगी, एक मुलगा, सून, सगळी मारली गेली. दोन मुलांना घेऊन तो पळाला आणि एका खेड्यात, गवताच्या चपला विणून विकणाऱ्या माणसाच्या झोपडीत लपला. मी म्हटलं, म्हणजे इथल्या भाषेत जॅन्डल्स. मास्तर हसला, हो, जॅन्डल्स. तो चपलावाला तीन पाहुण्यांना पुरावं म्हणून जास्त चपला विणायचा. राजपुत्राला ते बघवेना. गावाजवळ एक श्रीमंत ओळखीचा होता, त्याला त्याने निरोप पाठवला, आणि त्या निरोपामुळे पत्ता लागला. शिपायांनी घर वेढलं. राजपुत्राने आतून दार लावलं आणि गळफास घेतला. चपलावाला दाराशी लढता लढता मेला. दोन्ही मुलं गेली.

त्या शुक्रवारी मी घरी आलो आणि बायकोला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, परक्याच्या पोरासाठी बरे रडता तुम्ही. मी रडत नव्हतो, निदान तसं मला वाटत होतं.

पुढे वर्षभराने एका म्हाताऱ्याने सम्राटाला अर्ज लिहिला. पूर्वजांच्या देवळाची राखण करणारा साधा माणूस. त्याने लिहिलं, मुलाने बापाचं सैन्य खेळायला घेतलं तर त्याची शिक्षा छडी. बस एवढंच. आणि बाप जागा झाला. चौकशी केली, बाहुल्या खोट्या होत्या, मुलगा भ्यालेला होता, बंड कधी नव्हतंच. ज्यांनी खोटं सांगितलं त्यांना त्याने मारलं. आणि मुलगा मेला त्या गावी एक उंच ओटा बांधला, रस्त्याकडे बघायला. त्याला नाव दिलं, परत ये, मी वाट बघतोय. मास्तर म्हणाला, मुलगा मेल्यावर बांधला. आधी बांधायला हवा होता, म्हणजे उपयोग झाला असता.

मी उठलो आणि घरी निघालो, पाय दुखतात असं सांगून.

पुढे बरेच दिवस मी गोष्टीचा विषय काढला नाही, पण सगळ्यात शेवटचं त्याने २०१८च्या थंडीत सांगितलं. तो तान्हा नातू वाचला होता. काही महिन्यांचं पोर, तुरुंगात टाकलेलं. तिथल्या अधिकाऱ्याला दया आली, त्याने कैदी बायकांपैकी ज्यांच्या अंगावर दूध होतं त्यांना पोराला पाजायला लावलं. पोर जगलं, साध्या लोकांत वाढलं आणि अठराव्या वर्षी नशिबाने सम्राट झालं. त्याने आजोबांचं, म्हणजे त्या राजपुत्राचं, नीट दफन केलं आणि त्यांना मरणोत्तर नाव दिलं. ते नाव मास्तरने फुटपाथवर लिहिलं. वरचा भाग दार, खालचा कुत्रा. दाराखालून कुत्र्याला बाहेर यायचं तर अंग वाकवावं लागतं, म्हणून अर्थ वाकडा. बापाच्या उलट गेलेला. काही जण म्हणतात, ज्याच्यावर अन्याय झाला आणि ज्याचं गाऱ्हाणं कुणी ऐकलं नाही, तो, असाही अर्थ आहे.

मी विचारलं, नातू सम्राट झाला होता ना, मग निर्दोष असं सरळ नाव का नाही दिलं?

मास्तरने ब्रश बादलीत ठेवला. "बापाचा शब्द होता," तो म्हणाला. "पुसता येत नाही. त्याच्या शेजारी दुसरा अर्थ ठेवता येतो, एवढंच."

अक्षर तोपर्यंत वाळलं होतं. त्याने ते पुन्हा लिहिलं नाही.

२०१९च्या फेब्रुवारीत एका शनिवारी मी भूकंपाच्या बादलीतलं पाणी बदलायला काढलं. आठ वर्षांत एकदाही बदललं नव्हतं. क्वालिटी इंजिनिअर म्हणे. राजम्याचे डबे काढले, मेणबत्त्या काढल्या. तळाशी पांढऱ्या रुमालाची पुरचुंडी होती. सोडायच्या आधीच माझ्या हाताला कळलं.

आणि सगळं आठवलं, एकदम, जणू कालच घडलं होतं. आई गेल्याचा फोन. बायको गाडीत बसून हॉर्न देतेय. गल्लीत महिन्याभरात दोन घरफोड्या झाल्या होत्या. पोरगा एकटा घरी, त्याला दारं-खिडक्यांचं भान नाही. देव कुठे सुरक्षित राहील? मीच टाक रुमालात बांधला, मीच शिडी लावली, मीच बादलीत डब्यांखाली सारला आणि झाकण दाबून बसवलं. मग पुणं, स्मशान, तेरावा, आणि डोक्यातून सगळं पुसून गेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या वळशात माझ्या पोराची पाच वर्षं गेली.

बायको दुकानात गेली होती. मी टाक घेऊन तसाच शेजारी गेलो. मास्तर अंगणात कांद्याची पात लावत होता. टाक, मुलगा, पाच वर्षं, मी सगळं त्याला पहिल्यांदाच सांगितलं. त्याने मातीचे हात धुतले, चष्मा लावला, टाक हातात घेतला. घोडा ओळखला, बाई ओळखली. खालच्या उंचवट्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय. मी म्हणालो, कुत्रा. तो माझ्याकडे बघत राहिला. मग टाक माझ्या मुठीत ठेवून ड्राइव्हवेतल्या माझ्या गाडीकडे बोट दाखवलं. "सम्राटाचा मुलगा मेला होता," तो म्हणाला. "तुझा दीड तासावर आहे."

बायकोला सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी ओरडेन, आणि मला वाटलं ती ओरडेल. ती खाली बसली. मग मुलाला फोन करून म्हणाली, बाबा येतायत. माझ्याबरोबर यायला मात्र तिने नकार दिला. चूक तुमची, तुम्ही एकटे जा.

हेन्डरसनला त्याने दार उघडलं. हुडी नव्हती, हात खाली होते. चुकीच्या घरी आलो असंच मला आधी वाटलं. दाढी आली होती, गाल भरले होते, कपाळावर एक जुना व्रण होता जो मी कधी पाहिला नव्हता. त्याचं तोंड बदललं होतं आणि बदलताना मी तिथे नव्हतो.

त्याने मला बसवलं, मगात टी-बॅगचा चहा दिला. कसा होता रस्ता, वाटेतल्या बॉम्बे हिल्सच्या चढाला ट्रॅफिक होतं का, असं पाहुण्याला विचारावं तसं विचारलं. मी रुमाल सोडून टाक टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. बादली, शिडी, आजी. मग म्हणालो, "माझं चुकलं." साठीला टेकलेल्या आयुष्यात हे दोन शब्द मी पहिल्यांदा मराठीत बोललो.

"ऑल गुड, बाबा," तो म्हणाला. इथे पायावर पाय पडला तरी ऑल गुड म्हणतात.

मला ते सोसेना. मी त्याला समजावत सुटलो, की तोंड दाखवू नकोस म्हणजे तसं नसतं. माझे वडील मला रोज म्हणायचे. ते नुसतं बोलणं असतं, जेवायच्या वेळेपर्यंतचं.

तो म्हणाला, माहीत आहे. आईने कधीच सांगितलंय, अगदी सुरुवातीलाच.

"मग?"

"मी विचारलं होतं, बाबा," तो म्हणाला. मराठीत. मग पुढचं इंग्रजीत बोलला, हळू, कुणाला दुखवायचं नाही अशा आवाजात. तुम्ही कधीतरी फोन कराल म्हणून खूप थांबलो, हीप्स. रोज. पहिली दोन वर्षं. नंतर सवय झाली. आता राग नाही, खरंच. सवय झाली, एवढंच.

मास्तरच्या सम्राटाला मी भर फुटपाथवर नावं ठेवली होती. त्याच्या पोराचे निरोप निदान कुणी अडवले तरी होते. माझ्या हातात फोन होता आणि मी तो पाच वर्षं लावला नाही.

त्याने टाक उचलला आणि अंगठ्याने खालचा कोपरा चाचपला. क्षणभर तो आठ वर्षांचा दिसला. "डॉग्ज स्टिल देअर," तो म्हणाला. मी म्हणालो, तुझ्याकडेच ठेव, तुझाच आहे. त्याने तो रुमालात पुन्हा नीट बांधला आणि माझ्यासमोर सरकवला. नको, तुम्हीच ठेवा. इथे काही झालं तर, असं म्हणाला, आणि वाक्य तिथेच सोडून चहाचे मग विसळायला उठला.

दाराशी आल्यावर मला त्याला जवळ घ्यायचं होतं. तो हातात टी-टॉवेल घेऊन उभा होता आणि मला जमलं नाही. लहानपणी तो शाळेत जाताना आय ॲम गोइंग म्हणायचा आणि मी दारातून शिकवायचो, जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं.

"येतो," मी म्हणालो.

तो जरा थांबला. मराठी शब्द शोधत असावा.

"ओके बाबा," तो म्हणाला. "जा."

मी गाडीत बसून बराच वेळ चावी फिरवली नाही. गो सेफ मधला गो असेल तो, दुसरं काय. की त्याच्या मराठीत शब्द जसा आहे तसाच असतो? दार लागलं होतं. परत जाऊन विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

घरी पोचलो तेव्हा बायको ताटं मांडत होती. तिने देवघराकडे पाहिलं, माझ्या हातातल्या रुमालाकडे पाहिलं. तब्येत कशी आहे, काय खाल्लं, खोली कशी आहे, सगळं विचारलं. शेवटी विचारलं, निघताना काय म्हणाला.

"सावकाश जा म्हणाला," मी सांगितलं.

तिचा हात थांबला. सावकाश हा शब्द आम्ही त्याला कधी शिकवलाच नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं. तो मी माझ्या पदरचा घातला होता.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मला आमटी वाढली.